आबाचं व्हॉल्वचं मशीन : पॉवर सप्लाय कुठून उघडू?

पांदणवाट (रविवार, रात्री ९.४०)
राम राम मंडळी. गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्या आबाचा लाउडस्पीकरचा धंदा होता, लग्न, तेरवी, सप्ताह, प्रचार सगळं. आबा जाऊन बारा वर्षं झाली. यंदा धाब्याच्या घराची माती काढताना माळ्यावर पोत्यात गुंडाळलेलं त्यायचं मशीन सापडलं. चाळीस वॅटचं, व्हॉल्ववालं (काचेच्या नळ्यांवर चालणारं), उचलताना कंबर धरते इतकं जड. आत उंदरानं तुरीच्या टरफलांचा संसार मांडलेला. पुसूनपासून पाहिलं तर दोन ईएल३४, दोन ईसीसी८३ आणि एक मोठा ५यू४जी, म्हणजे एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व. ट्रान्सफार्मरवर ३५०-०-३५० लिहिलेलं दिसते. मागं २००/२२०/२४० ची खुंटी हाये, ती २२० वर.

आता चूक सांगतो, शिव्या द्या. धीर निघाला नाही, डायरेक्ट बोर्डात पिन घातली. चार-पाच सेकंद काहीच नाही, मंग जो घुर्रर्र आवाज सुरू झाला तो वाढतच गेला, वरच्या कंडेन्सरच्या गोल डब्यातून फुस्स झालं, सडक्या मासोळीसारखा वास आला आणि मी पिन ओढली. फ्यूज काही गेला नाही.

काका म्हणते भंगारात दे, तांब्याचे तरी पैसे येतील. मले ते वाजवायचं हाये. नुसते कंडेन्सर बदलून भागते का? आणि ५यू४ काढून डायोड टाका म्हणते एक व्हिडिओवाला, ते खरं का? मले सोल्डर मारता येते, मोटरच्या स्टार्टरची कामं करतो, पण व्हॉल्वचं मशीन कधी उघडलं नाही.

संत्राबर्फी (रात्री ९.५२)
इतकं झाल्यावर फ्यूज गेला नाही म्हणजे तो फ्यूज नाहीच बे. फोटो टाक.

पांदणवाट (रात्री १०.०५)
टाकला. काचेच्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून ठेवली हाये. आबाचाच हात वाटते.

डीपीजवळचा (रात्री १०.११)
आबाले दोष देऊ नका. वरात दारात उभी, नवरदेव घोड्यावर, अन् फ्यूज उडाला तर माणूस तारच लावते. आमच्या गावात डीपीवरच्या फ्यूजचीही हीच कथा हाये, तर मशीनचं काय घेऊन बसले.

फिलॅमेंट (रात्री १०.५०)
पांदणवाट, आधी ते मशीन बाजूला ठेवा आणि हे पूर्ण वाचल्याशिवाय हात लावू नका. मी अकोल्याला रेडिओ दुरुस्तीत चाळीस वर्षं काढली, अशी मशीनं किती उघडली त्याचा हिशोब नाही, आणि यातल्याच एकानं मला १९८३ साली टेबलावरून भिंतीवर फेकलं होतं. उजव्या हाताची करंगळी अजून नीट मिटत नाही. तेव्हा मशीन बंद होतं बरं का, पिन काढलेली होती.

म्हणजे पहिली गोष्ट कंडेन्सरमधली वीज. पिन काढली म्हणजे मशीन मेलं असं नसतं. पेचकस लावून ठिणगी काढायची सवय असते काही जणांना, ती नको, कंडेन्सरही जातो आणि पेचकसाचं टोकही. दहा हजार ओमचा दहा वॅटचा रेझिस्टन्स घ्या, दोन्ही टोकांना चांगल्या रबराच्या वायर आणि क्लिपा लावा, एक क्लिप चॅसीला (मशीनच्या पत्र्याच्या सांगाड्याला), दुसरी कंडेन्सरच्या प्लसला, दहा सेकंद धरा. मग मीटरनं बघा. मग परत दोन मिनिटांनी बघा, कारण जुना कंडेन्सर रिकामा केला तरी थोडे व्होल्ट परत चढवतो. आणि मशीन चालू असताना डावा हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो.

दुसरं, सिरीज बोर्ड बनवा. एका होल्डरमध्ये बल्ब, त्याच्यामागे सिरीजमध्ये सॉकेट. बल्ब पिवळा, तारेचा, साठ आणि शंभर वॅट असे दोन ठेवा. एलईडी चालणार नाही. आतमध्ये शॉर्ट असला तर सगळा भार बल्ब घेतो आणि ट्रान्सफार्मर वाचतो.

आता क्रम. सगळे व्हॉल्व काढा, कोणता कुठला ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा. साठच्या बल्बवर मशीन लावा. बल्ब क्षणभर लागून विझला किंवा अगदी मंद लाल राहिला तर ट्रान्सफार्मर जिवंत. रिकाम्या मशीनवर बल्ब भक्क पेटून राहिला तर वायंडिंग शॉर्ट, मग पुढं काही करू नका, इथं येऊन सांगा. ट्रान्सफार्मर नीट निघाला तरच पैसे खर्च करायचे. कंडेन्सर पाच-सातशे रुपयांचं काम आहे, ट्रान्सफार्मर गेला तर गोष्ट वेगळी.

डायोडचं उद्या लिहितो, झोप आली.

मायबाप_ट्रान्झिस्टर (रात्री ११.१५)
सगळ्यांचा आदर ठेवून. एवढ्या खटपटीत पन्नास वॅटचं छोटं क्लास-डी बोर्ड येते, एसएमपीएस येते, गरम होत नाही, करंट खात नाही. डब्बा आबाचा ठेवा, आत नवीन बसवा. कोणाले कळणार हाये?

संत्राबर्फी (रात्री ११.१८)
आबाले कळन.

पांदणवाट (सोमवार, सकाळी ६.३०)
फिलॅमेंटकाका, वाचलं. तारेचा बल्ब गावात भेटत नव्हता, शेवटी शेजारच्या गावच्या पोल्ट्रीवाल्याकडून आणला. तो पिल्लं उबवायले अजून तेच वापरते. एका बल्बच्या बदल्यात त्याच्या मोटरचं स्टार्टर फुकट करून द्यावं लागलं.

सेलूची_सून (सोमवार, सकाळी ७.१०)
मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, म्हणून डायोडवर बोलते, काकांनी दुरुस्त करावं.

३५०-०-३५० म्हणजे प्रत्येक बाजूला ३५० व्होल्ट आरएमएस. शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे ४९५. आता एक बाजू चालू असताना दुसऱ्या बाजूच्या डायोडवर उलटे किती पडतात? कंडेन्सरवरचे ४९५ आणि त्या बाजूचे उणे ४९५, मिळून ९९०. आणि १एन४००७, म्हणजे दुकानात मिळणारा नेहमीचा डायोड, सहन करतो १०००. म्हणजे दहा व्होल्टच्या भरवशावर संसार. डायोड टाकायचेच तर प्रत्येक बाजूला दोन-दोन सिरीजमध्ये टाका.

पण पुढचा घोळ त्याहून मोठा आहे. ५यू४ स्वतःमध्ये चाळीस-पन्नास व्होल्ट खातो. तो काढला की एचटी, म्हणजे व्हॉल्वला जाणारं मोठं डीसी व्होल्टेज, तेवढी वर चढते. तुमच्या व्होल्टेजची काय परिस्थिती आहे? ते सांगा, मग गणित पुढे नेऊ.

पांदणवाट (सोमवार, सकाळी ७.२५)
ताई, संध्याकाळी पीठगिरणी चालू असली की १८५. काल रात्री अकराले मोजले तर २५५.

सेलूची_सून (सोमवार, सकाळी ७.४०)
बाप रे. खुंटी २२० वर आणि घरात २५५, म्हणजे ३५० चे झाले ४०६ आणि शिखर ५७४. जुन्या डब्यावर ४५० लिहिलेलं असणार. आणि ईएल३४ च्या फिलॅमेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ च्या जागी ७.३ मिळतात. तुमच्या आबांच्या मशीनचा शत्रू माळ्यावरचा उंदीर नाही, रात्रीची लाईन आहे.

फिलॅमेंट (सोमवार, सकाळी ९.००)
ताईंनी माझं अर्धं काम केलं. खुंटी आजच २४० वर करा. मग २५५ आले तरी फिलॅमेंटला ६.७ जातात, व्हॉल्व तेवढं सोसतात.

५यू४ आणि डायोड. मी म्हणतो ५यू४ चांगला असेल तर काढू नका. तसा ५यू४ सुद्धा लवकर तापतो आणि ईएल३४ तापायच्या आधी व्होल्टेज देतो, पण डायोड तर क्षणात देतो. जीझेड३४ हा दुसरा रेक्टिफायर व्हॉल्व सावकाश येतो, तो सगळ्यात प्रेमळ, पण महाग, आणि आहे तो चालत असताना कशाला. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे व्हॉल्व रेक्टिफायरच्या पुढच्या पहिल्या कंडेन्सरला मर्यादा असते. हम (मशीनची घूं-घूं) कमी व्हावा म्हणून लोक २२० मायक्रोचा टाकतात आणि ५यू४ चालू करतानाच ठिणगी मारून मरतो. जुना डबा ३२ मायक्रोचा असेल, तर ३३-३४ टाका. फार तर ४०.

कपाशी_आणि_कंडेन्सर (सोमवार, दुपारी १.३०)
मूळ वणीचा, सध्या पुण्यात, पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी. एक वेगळं मत मांडतो. जुना डबा लगेच फेकू नका, रिफॉर्म करून बघा. इलेक्ट्रोलिटिकमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच खरा इन्सुलेटर. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की तो थर झिजतो आणि एकदम पूर्ण दाब दिला की डबा करंट पितो, तापतो, फुस्स. हळूहळू मोठ्या रेझिस्टन्समधून दिलं तर थर परत बनतो. मी माझ्या सासऱ्यांच्या रेडिओचे असे जागवले, सहा वर्षं झाली चालू आहेत.

फिलॅमेंट (सोमवार, दुपारी ४.१०)
कपाशीभाऊ, तुमचा रेडिओ पुण्यात होता. यांचं मशीन टीनाच्या सावलीत आणि धाब्याच्या माळ्यावर वऱ्हाडातले पन्नास उन्हाळे काढून आलंय. दहा डिग्री वाढले की कंडेन्सरचं आयुष्य अर्धं, हा तुमच्याच पुस्तकातला नियम ना? आणि यांचा डबा फुस्स करून मोकळा झालेला, मासोळीचा वास म्हणजे आतला रस बाहेर आला. मेलेल्या बैलाला चारा घालून काय होणार.

कपाशी_आणि_कंडेन्सर (सोमवार, दुपारी ४.२२)
वास आला ते मी वाचलं नव्हतं. माघार.

डीपीजवळचा (सोमवार, रात्री ८.३०)
२५५ वर थोडं. पांदणवाटभाऊ, रात्री गावात लोड नसला की व्होल्टेज चढते ते ठीक, पण शेजाऱ्याकडं त्याच वेळी १९० असंन तर डीपीवर न्यूट्रल ढिला हाये समजा. मंग कधी तुमच्याकडं ३०० येईन सांगता येत नाही. माझ्या डोळ्यासमोर एका आळीतले सात टीव्ही एका मिनिटात गेले. आधी लाइनमनले बोलवा, मंग व्हॉल्व बोलवा.

आणि मशीनले दोन पिनचा प्लग असंन, तो काढून तीन पिनचा लावा, हिरवी वायर चॅसीले बोल्टनं. आत मेन लाइनपासून चॅसीले एखादा जुना कंडेन्सर गेलेला दिसला तर काढून फेका. तो शॉर्ट झाला की सगळा डब्बा लाइव्ह, माईक हातात घेणारा गेला. अर्थिंग कसं हाये घरचं?

पांदणवाट (सोमवार, रात्री ८.४५)
आबाच्या काळातलं, मीठ-कोळसा टाकलेलं. पण उन्हाळ्यात काळी माती इतकी फाटते की खड्ड्याच्या बाजूनं हात जाते आत.

संत्राबर्फी (रात्री ८.४७)
खारपाणपट्ट्यात अर्थिंगमध्ये मीठ टाकणारा माणूस म्हणजे समुद्रात सोडा ओतणारा.

डीपीजवळचा (रात्री ८.५५)
बर्फीभौ, हसून घ्या, पण खारी माती ओली असली तर अर्थिंग लय सुंदर. कोरडी पडून फाटली की पाइप अन् मातीत हवा. मार्चपासून दर आठवड्याले बादलीभर पाणी ओतजा, बस.

झाडीपट्टी (मंगळवार, सकाळी १०.२०)
धागा छान चालला आहे. थोडं विषयांतर चालेल का? वडसा-देसाईगंजकडचा मी. आमच्याकडे दिवाळी झाली की नाटकाचा सीझन, रात्री दहाला पडदा उघडला की सकाळपर्यंत. माझे वडील नाटकाला असंच व्हॉल्वचं मशीन घेऊन जायचे. थंडीत मशीनच्या मागं बसायला भांडण व्हायचं, दोन ईएल३४ आणि तो ५यू४ म्हणजे शेकोटीच. एकदा धानाच्या बांधीतून बैलगाडी नेताना मशीन पडलं, उचलून लावलं, वाजलं. नायिकेचा आवाज त्या रात्री थोडा घोगरा आला, पण लोकांना वाटलं सर्दी झाली.

सेलूची_सून (मंगळवार, सकाळी १०.४०)
आमच्याकडे संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला होतं तसलंच. खंजिरीच्या पहिल्या थापेला मशीनचा प्रकाश किंचित हलायचा, लहानपणी मला वाटायचं मशीनही भजन करतंय. खरं म्हणजे पॉवर सप्लाय दबत होता.

मायबाप_ट्रान्झिस्टर (मंगळवार, सकाळी १०.५५)
दोन घरांत शेकोटी अन् भजन, पण वीजबिल कोणी सांगत नाही. वाजो न वाजो, करंट सतत खाते. बाकी तुमचं तुमाले लखलाभ.

पांदणवाट (बुधवार, रात्री ९.१५)
रिपोर्ट देतो. लाइनमन येऊन गेला, डीपीवर न्यूट्रलचा बोल्ट खरंच ढिला होता, हातानं फिरत होता. आता रात्री २४२ च्या वर जात नाही. डीपीजवळचा भाऊ, अख्खी आळी तुमचं नाव घेते.

तांब्याची तार काढली, एक अँपिअरचा टाईम-डिले फ्यूज घातला. सगळे व्हॉल्व काढून साठच्या बल्बवर लावलं. बल्ब एकदा चमकला आणि विझला!! ३५० च्या दोन्ही बाजू मोजल्या. ओममध्ये एक ४८ आणि एक ५३. हा फरक म्हणजे काही जळलं का?

फिलॅमेंट (बुधवार, रात्री ९.३०)
नाही. फेरे दोन्हीकडं सारखे असतात, पण दुसरी बाजू वरून गुंडाळलेली, घेर मोठा, तार जास्त लागली म्हणून ओम जास्त. व्होल्ट सारखे दिसले की झालं. अभिनंदन, आबांचं मशीन वाचलं. आता कंडेन्सर आणायला नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कधी जाता?

पांदणवाट (बुधवार, रात्री ९.४०)
शनिवारी. काय आणू एकदा लिहा, नागपूरची एसटी दोनदा नाही परवडत.

फिलॅमेंट (बुधवार, रात्री १०.२०)
५०० व्होल्टचा कंडेन्सर मिळाला तर उत्तम, पण बहुतेक दुकानात ४५० च देतील. म्हणून असं करा, ६८ मायक्रो ४०० व्होल्टचे चार आणा, १०५ डिग्रीवाले, ८५ चे नको. दोन-दोन सिरीजमध्ये, एक जोडी चोकच्या (हम गाळणारी कॉइल) आधी, एक चोकच्या नंतर. सिरीजमध्ये ६८ चे होतात ३४, आणि सहनशक्ती ८००. प्रत्येकावर २२० केचा दोन वॅटचा रेझिस्टन्स आडवा, तो दोघांत व्होल्टेज सारखं वाटतो आणि पिन काढल्यावर वीजही रिकामी करतो. जुना डबा चॅसीवर शोभेला राहू द्या, पण त्याच्या वायर पूर्ण तोडा. नवीन कंडेन्सर जुन्याच्या पॅरलल लावणारा माणूस मी दुकानातून हाकलायचो. बायसचा वेगळा आहे, ५० मायक्रो १०० व्होल्टच्या आसपास, तोही बदला. बायस म्हणजे ईएल३४ ला आवरून धरणारं उणे व्होल्टेज, ते आधी मोजा मग व्हॉल्व लावा, उणे ३६ च्या जवळ पाहिजे. सेलेनियमची पत्र्यांची पट्टी (जुन्या काळचा रेक्टिफायर) असेल तिच्या जागी एक १एन४००७.

चोक काढू नका. कोणी सांगेल चोकच्या जागी रेझिस्टन्स टाका, ऐकू नका.

सेलूची_सून (बुधवार, रात्री १०.३५)
एकूण ६८ मायक्रो आणि एकूण २२० के, म्हणजे टाइम कॉन्स्टंट १५ सेकंद. एका मिनिटात ४९५ चे नऊच्या आसपास येतात. तरी मीटर लावूनच हात घालायचा, रेझिस्टन्सचा डाग सुटला असला तर गणित काही कामाचं नाही.

संत्राबर्फी (बुधवार, रात्री १०.४०)
बर्डीवर या, तर्री-पोहे माझ्याकडून. कंडेन्सर घेताना डब्यावरच्या आकड्यासोबत वजनही पहा. मागं एका दुकानात मोठ्या डब्यात छोटा कंडेन्सर भरलेला भेटला होता मले, वर कव्हर ४५० चं.

पांदणवाट (रविवार, दुपारी ३.००)
काम झालं. फोटो टाकतो. व्हॉल्व अजून लावले नाहीत, फक्त बायस मोजला, ईएल३४ च्या ५ नंबर पिनवर. ताईनं नाही तर काकानं लिहिलं होतं की उणे ३६ च्या जवळ पाहिजे. मले उणे ११ येते. आणि नवीन कंडेन्सर हाताले गरम लागून राह्यला. दुकानदारानं खोटा दिला का?

फिलॅमेंट (रविवार, दुपारी ३.०४)
बंद करा!! आत्ता!

फिलॅमेंट (रविवार, दुपारी ३.१२)
बंद केलं का? बरं. दुकानदार खरा आहे, कंडेन्सर उलटा आहे. फोटोत दिसतंय, तुम्ही त्याची मायनस पट्टी चॅसीकडं केली. बाकी सगळ्या मशीनमध्ये मायनस चॅसीलाच असते म्हणून हात आपोआप तसाच जातो. पण बायस उणे सप्लाय आहे, तिथं चॅसी प्लस असते. कंडेन्सरचं प्लस चॅसीला पाहिजे. उलटा लावला की तो करंट गळू देतो, गरम होतो, बायस पडतो, आणि तुम्ही ईएल३४ लावून एचटी दिली असती तर प्लेटी कोळशासारख्या लाल झाल्या असत्या. एक जोडी गेली असती, कदाचित आउटपुट ट्रान्सफार्मरही.

आधी बायस मोजा मग व्हॉल्व लावा असं मी का म्हणत होतो ते कळलं? मीही हे एकदा केलंय. फक्त मी आधी मोजलं नव्हतं.

गरम झालेला तो कंडेन्सर परत वापरू नका.

पांदणवाट (रविवार, दुपारी ३.२०)
हात कापून राह्यले काका. एकच आणला होता.

संत्राबर्फी (रविवार, दुपारी ३.३१)
उद्या एसटीच्या पार्सलनं दोन पाठवतो. पोह्याचे पैसे वळते करून घेईन.

पांदणवाट (बुधवार, रात्री ८.५०)
आला, लावला, प्लस चॅसीले. उणे ३८. मंग आधी ईसीसी८३, मंग ईएल३४, शेवटी ५यू४, सगळं शंभरच्या बल्बवर. पेटीवाला स्पीकर जोडूनच ठेवला होता. बल्ब जरासा लाल राहिला. मंग बल्ब काढून सरळ लावलं. एचटी ४५२. कॅथोडच्या दहा ओमवर ०.३५ आणि ०.३४.

वाजलं. मोबाइल लावून पाहिला, मंग माईक. आजी ओसरीतून म्हणे, आबा आले का बाजारातून. तिले डोळ्यानं कमी दिसते.

पण हम अजून हाये. आधीसारखा राक्षस नाही, पण हाये.

सेलूची_सून (बुधवार, रात्री ९.०५)
छान! आता हम कसला ते ओळखा. आवाजाचं बटण शून्यावर नेलं तर हम तेवढाच राहतो का? तेवढाच राहिला तर तो बटणाच्या पुढच्या भागातला. आणि भोंग्यावर ऐकू नका, भोंगा इतका खालचा सूर काढतच नाही, त्याच्यावर फक्त भणभण येईल. घरी हार्मोनियम आहे का?

पांदणवाट (बुधवार, रात्री ९.१०)
भजन मंडळाची पेटी आमच्याकडंच राहते ताई.

सेलूची_सून (बुधवार, रात्री ९.१६)
उत्तम. खर्जाच्या पट्टीत पांढरी पाच दाबा. तो सूर ९८ हर्ट्झचा असतो. रेक्टिफायरनंतरचा हम १०० चा, म्हणजे जवळजवळ तोच सूर, किंचित बेसूर. हम त्याच्याशी जुळला तर कंडेन्सर-चोककडं बघायचं. हम त्याच्याही एक सप्तक खाली वाटला तर तो ५० चा, म्हणजे फिलॅमेंटची वायर, अर्थ, किंवा ट्रान्सफार्मर.

पांदणवाट (बुधवार, रात्री ९.४५)
ताई, पेटी घेऊन मशीनसमोर बसलो, आई म्हणे हे काय नवीन. खाली हाये. पांढरी पाचच्या चांगलाच खाली. बटण शून्यावर तेवढाच.

फिलॅमेंट (बुधवार, रात्री १०.००)
बाईंना दंडवत. चाळीस वर्षांत मला पेटी सुचली नाही. ६.३ व्होल्टच्या वायंडिंगचा मधला टॅप चॅसीला गेलेला असतो, त्याचा डाग बघा. उंदरानं तिथंच घर केलं होतं ना?

पांदणवाट (गुरुवार, सकाळी ७.३०)
काका!! टॅगवर डाग फक्त दिसत होता, वायर हलवली तर निघून हातात आली. खालून हिरवा गंज. घासून परत सोल्डर मारलं. आता बटण शून्यावर असताना कान स्पीकरले लावला तरच ऐकू येते.

कपाशी_आणि_कंडेन्सर (गुरुवार, सकाळी ९.४०)
मस्त. पुढं कधी तो टॅपच तुटला तर दोन शंभर-शंभर ओम, प्रत्येक बाजूपासून चॅसीला. हेही तेच काम करतं.

झाडीपट्टी (गुरुवार, सकाळी ११.००)
आता काकड आरतीला लावा म्हणजे आबा खूश.

डीपीजवळचा (गुरुवार, सकाळी ११.०६)
काकड आरती पहाटे पाचले, अन् रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याले बंदी, २००० सालच्या नियमात. तेवढं पाहजो.

पांदणवाट (रविवार, रात्री ८.१५)
काल संध्याकाळी प्रार्थनेले लावलं, सहा वाजता, दोन भोंगे. मायबापभाऊ, वीजबिल येईन ते येईन. ५यू४ आबाचाच ठेवला, डायोड नाही टाकले. बर्डीवरून एक जुना ५यू४ स्पेअरमध्ये आणून ठेवला.

भंगारात दे म्हणणारे काका काल पहिल्या रांगेत होते. आज म्हणते, डिसेंबरात पोरीच्या लग्नात हेच मशीन लावजो, डीजे नाही पायजे.

फिलॅमेंट (रविवार, रात्री ८.३०)
जरूर लावा. लाइन गेली तर लग्नात काय करणार?

पांदणवाट (रविवार, रात्री ८.३३)
आपलं जनरेटर हाये ना काका, फवारणीच्या मोटरवालं.

फिलॅमेंट (रविवार, रात्री ८.३५)
मोजलं का किती देतं?

पांदणवाट (रविवार, रात्री ८.५८)
आत्ता चालू करून मोजलं. २७८.

फिलॅमेंट (रविवार, रात्री ९.०१)
लाइन गेली की मशीनची पिन काढून खिशात ठेवायची. तोपर्यंत बँडवाल्याला फुंकू द्या.